टालिनचं जुनं गाव बघायला येताय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

टालिनला राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात घरचं, नात्यातलं, कॉलेजमधलं कुणी ना कुणी येतंच, शिवाय हेल्सिंकीला किंवा रिगाला आलेले ओळखीचे लोक मेसेज करतात की एक दिवस मोकळा आहे तर येऊ का, आणि मग परत तेच प्रश्न. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून काढली. मला हे गाव मनापासून आवडतं, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

टालिन आहे कुठे आणि "जुनं गाव" म्हणजे नक्की काय?

टालिन ही एस्टोनियाची राजधानी, फिनलंडच्या आखातावर, हेल्सिंकीच्या बरोबर समोर, मध्ये साधारण ८० किमी समुद्र. जुनं गाव म्हणजे इथल्या भाषेत वानालिन्न, तटबंदीच्या आतलं मूळ शहर. १२१९ मध्ये डॅनिश राजा दुसरा वाल्देमार याने इथली टेकडी जिंकली. टालिन हे नाव "डेन लोकांचं गाव" या अर्थाच्या एस्टोनियन शब्दांवरून आलं असं सांगतात, पण बाहेरचं जग १९१८ पर्यंत याला रेवालच म्हणत होतं. पुढे १३४६ मध्ये डेन्मार्कने उत्तर एस्टोनिया चक्क ट्यूटॉनिक ऑर्डरच्या जर्मन सरदारांना विकून टाकला, १५६१ पासून स्वीडन, १७१० पासून रशिया. राज्यकर्ते बदलत राहिले, पण गल्ल्या जवळपास मध्ययुगात आखल्या होत्या तशाच राहिल्या. १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

हेल्सिंकीहून सकाळी येऊन संध्याकाळी परत गेलं तर चालेल ना?

फेरी दोन तासांत पोचवते, बंदरातून जुन्या गावाच्या वेशीपर्यंत पंधरा-वीस मिनिटांत चालत येता येतं, त्यामुळे जमतं, बरेच लोक तसंच करतात. पण माझं ऐकाल तर निदान एक रात्र राहा, दोन राहिलात तर फारच छान. कारण असं की उन्हाळ्यात क्रूझ जहाजं लागतात आणि साधारण दहा ते पाच या वेळात छत्री धरलेल्या गाईडच्या मागे पन्नास-पन्नास लोकांचे घोळके फिरत असतात, पिक नावाच्या मुख्य रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि तेव्हा आलेल्या माणसाला वाटतं की हे सगळं टुरिस्टांसाठी उभं केलेलं आहे. तसं नाहीये हो. इथे लोक राहतात, गावात शाळा आहेत, पोरं दप्तरं घेऊन त्याच दगडी गल्लीतून जातात, चर्चमध्ये दर रविवारी प्रार्थना होते. सकाळी सातला बाहेर पडा, बेकरीचा वास येत असतो, कचऱ्याची गाडी गोट्यांवरून खडखडत जाते, कुणीतरी कुत्र्याला फिरवत असतं. किंवा जूनमध्ये रात्री दहानंतर फिरा, उजेड असतो आणि गल्ल्या रिकाम्या. माझी मावशी पहिल्या दिवशी दुपारी बघून "ठीक आहे" म्हणाली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नाश्त्याच्या आधी बाहेर काढलं तेव्हा ती तासभर परत यायलाच तयार नव्हती.

वरचं गाव आणि खालचं गाव ही काय भानगड आहे?

हे समजलं की सगळं गाव समजतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या गडांची सवय असलेल्या माणसाला सोप्पं आहे. टूमपेआ टेकडी म्हणजे बालेकिल्ला आणि तिच्या पायथ्याशी पसरली ती पेठ. वर राज्यकर्ते, बिशप, सरदार. खाली व्यापारी आणि कारागीर, बहुतेक बडे व्यापारी जर्मन बोलणारे. आणि ही नुसती दोन वस्त्या नव्हत्या, दोन वेगळी शहरं होती, कायदा वेगळा, कारभार वेगळा. खालच्या गावाला १२४८ मध्ये ल्युबेक या जर्मन शहराचा कायदा मिळाला, नगर परिषद स्वतःचा न्याय स्वतः करायची, आणि पुढे हे हॅन्सा नावाच्या व्यापारी शहरांच्या संघातलं महत्त्वाचं बंदर झालं. पश्चिमेकडून मीठ आणि कापड यायचं, रशियाकडून मेण आणि कातडी-फर, आणि जाता येता सगळ्यावर या गावाची कमाई. टालिन मिठावर उभं राहिलं असं इथे म्हणतात.

वर आणि खाली यांचं पटायचं नाही. दोघांना जोडणारे जुने रस्ते दोनच, पिक याल्ग म्हणजे लांब पाय आणि ल्युहिके याल्ग म्हणजे आखूड पाय, आणि रात्री मधले दरवाजे बंद. पिक याल्गच्या पायथ्याचा दरवाज्याचा बुरुज १३८० चा आहे, त्याच्याखालून जाताना थांबून बघा. भांडण किती खरं होतं याचं उदाहरण म्हणजे १५३५ चं. योहान फॉन युक्सक्युल नावाच्या सरदाराने आपल्या एका शेतमजुराला मारून टाकलं होतं, सरदार लोकांच्या दृष्टीने त्यात विशेष काही नव्हतं, पण तो खालच्या गावात सापडला आणि गावाने त्याच्यावर खटला चालवून त्याचा शिरच्छेद केला. एका शेतमजुरासाठी एका सरदाराला! मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हापासून त्या दरवाज्यातून जाताना दर वेळी आठवतं. ही दोन गावं कारभाराने एक झाली ती थेट १८७८ च्या सुमारास.

म्हणून माझा सल्ला, वर चढताना पिक याल्गने चढा आणि उतरताना ल्युहिके याल्गच्या पायऱ्यांनी उतरा.

पहिल्यांदा येतोय, चालायला सुरुवात कुठून करू?

विरु वेशीचे दोन छोटे गोल बुरुज फोटोत सगळ्यांनी पाहिलेले असतात, तिथून आत या. लगेच उजवीकडे तटाला लागून रस्ता जातो, त्याच्या पुढे डावीकडे कातारीना गल्ली आहे, अरुंद, वर कमानी, भिंतीला लावून ठेवलेले जुने थडग्यांचे दगड, आणि आत काचकाम, विणकाम, मातीकाम करणाऱ्या बायकांच्या वर्कशॉप. हे दगड शेजारच्या डॉमिनिकन मठाच्या चर्चमधले, मठ १२४६ मध्ये सुरू झालेला.

मग टाऊन हॉलचा चौक. टाऊन हॉल आजच्या रूपात १४०४ मध्ये पुरा झाला आणि उत्तर युरोपात असा अख्खा टिकलेला गॉथिक टाऊन हॉल दुसरा नाही. टोकावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा शिपाई आहे, त्याचं नाव म्हातारा थॉमस, १५३० पासून तिथे आहे, अर्थात पत्रा मधूनमधून बदललाय. खालच्या कमानींच्या एका खांबाला लोखंडी गळपट्टा लटकतोय, गुन्हेगाराला तिथे जखडून लोकांसमोर उभं करायचे. आणि चौकात जमिनीत एक गोल दगड बसवलाय, त्यावर उभं राहून हळूहळू गोल फिरलं की गावातले पाचही मनोरे दिसतात. पोरांना हा खेळ फार आवडतो.

चौकाच्या कोपऱ्यात औषधाचं दुकान आहे, नोंदी १४२२ पासूनच्या, आणि आजही तिथे खोकल्याचं औषध मिळतं. बुर्खार्ट नावाच्या एकाच घराण्याने ते ३०० हून जास्त वर्षं चालवलं. बाजूच्या छोट्या खोलीत जुन्या बरण्या आणि औषधं मांडलीत, ममीची पूड वगैरे. तिथून सायाकॅइक नावाचा बोळ, म्हणजे पावाचा बोळ, आणि पलीकडे पिक रस्ता. पिक रस्त्याने खाली समुद्राकडे चालत गेलात की शेवटी पाक्स मार्गारीता, म्हणजे जाडी मार्गारेट नावाचा बुटका प्रचंड बुरुज लागतो, आत आता समुद्राचं म्युझियम आहे.

जुन्या घरांच्या वर माळ्याच्या खिडकीवर आडवी तुळई का असते?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात आणि माझा सगळ्यात आवडता आहे. मान वर करून चाला एवढंच सांगणं. व्यापाऱ्याचं घर म्हणजेच त्याचं गोदाम. पुढच्या मोठ्या खोलीत, आपल्याकडच्या वाड्याच्या सोप्यासारखी, गिऱ्हाइकाशी बोलणी, मागे राहायची खोली, आणि वरचे मजले पूर्ण मालाचे. मीठ, धान्य, कातडी खाली ठेवली तर ओल लागणार, म्हणून माळ्यावर. तुळईला कप्पी बांधायची, दोर टाकायचा आणि पोती थेट रस्त्यावरून वर ओढून त्या दारातून आत. काही घरांवर त्या तुळया अजून आहेत. पिक रस्त्याच्या शेवटी एकमेकांना खेटून तीन घरं आहेत, तीन बहिणी म्हणतात त्यांना, तिथे हे अगदी नीट समजतं.

चर्च खूप आहेत, सगळी बघायची का?

नाही, दमाल. वेळ कमी असेल तर दोनच बघा.

पहिलं प्युहावायमु, पवित्र आत्म्याचं चर्च, चौकाच्या जवळ, छोटंसं, बाहेर भिंतीवर १६८४ चं रंगीत लाकडी घड्याळ. आतली वेदी ल्युबेकच्या बेर्न्ट नोटके या कलाकाराने १४८३ मध्ये केलेली. पण मला ते आवडतं वेगळ्या कारणाने. बाकी चर्चमध्ये श्रीमंत जर्मन लोकांचा वावर असताना गावातल्या साध्या एस्टोनियन माणसांना त्यांच्या भाषेत प्रवचन इथे मिळायचं. इथल्याच धर्मोपदेशकाने, योहान कोएलने, भाषांतर केलेलं पुस्तक १५३५ मध्ये छापलं गेलं, त्याची काही पानं टिकलीत आणि ती एस्टोनियन भाषेतल्या सगळ्यात जुन्या छापील मजकुरात धरली जातात. म्हणजे ज्या वर्षी त्या सरदाराचं डोकं उडवलं त्याच वर्षी. आपली भाषा घेऊन परदेशात राहणाऱ्या माणसाला त्या चर्चमध्ये बसलं की काहीतरी होतं, मला तरी होतं.

दुसरं निगुलिस्ते, आता म्युझियम आहे, तिकीट आहे. ९ मार्च १९४४ च्या सोव्हिएत बॉम्बहल्ल्यात हे जळालं, पण महत्त्वाची चित्रं आधीच हलवली होती म्हणून वाचली. त्यात नोटकेचं "मृत्यूचा नाच" हे चित्र. पोप, सम्राट, सम्राज्ञी, कार्डिनल, राजा, आणि प्रत्येकाच्या हाताला धरून नाचणारे सांगाडे. साडेसात मीटरचा तुकडा उरलाय. समोर बाक आहे, घाई करू नका.

ओलेविस्ते म्हणजे सगळ्यात उंच मनोरा, आज साधारण १२४ मीटर. एके काळी जगातली सगळ्यात उंच इमारत होती असं बरेच जण सांगतात, त्या उंचीबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, तेव्हा ते ठासून सांगू नका. उन्हाळ्यात वर चढता येतं, गोल अरुंद जिना, दोनशेच्या वर पायऱ्या, चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यावर. गुडघे आणि दम चांगला असेल तरच. टेकडीवरचं कांद्यासारख्या घुमटांचं अलेक्सांदर नेव्हस्की चर्च मात्र मध्ययुगातलं नाही, १९०० मध्ये पुरं झालं, रशियन साम्राज्याच्या काळातलं. आत फोटो काढू नका, लोक प्रार्थना करत असतात.

इतकं सगळं टिकलं कसं?

थोडं दुर्दैवाने आणि थोडं लोकांच्या चिकाटीने. सोळाव्या शतकातल्या युद्धांनंतर व्यापार बसला, पुन्हा पाडून नवीन बांधायला पैसाच नव्हता. जवळजवळ दोन किमी तट आणि वीसहून जास्त बुरुज उभे आहेत ते त्यामुळेच. कीक इन दे क्योक नावाच्या बुरुजावर जा, नावाचा अर्थ "स्वयंपाकघरात डोकाव", वरून खालच्या घरांची स्वयंपाकघरं दिसायची म्हणे. १९४४ ला हार्यु रस्त्याची एक बाजू गेली ती गेलीच, आज तिथे मोकळी जागा आहे आणि हिवाळ्यात स्केटिंग असतं. मग १९६६ मध्ये, सोव्हिएत राजवटीतच, जुनं गाव संरक्षित जाहीर झालं, आणि १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकची शिडाच्या बोटींची स्पर्धा टालिनला होती म्हणून बरीच डागडुजी झाली.

सोव्हिएत काळाचं काही बघण्यासारखं?

पिक रस्ता आणि पागारी गल्लीच्या कोपऱ्यावरची इमारत. तिथे केजीबीचं, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांचं ऑफिस होतं, तळघरात कोठड्या. रस्त्यालगतच्या तळघराच्या खिडक्या बुजवलेल्या दिसतात, आतला आवाज बाहेर येऊ नये म्हणून. आता कोठड्यांचं छोटं म्युझियम आहे. लहान मुलांना नेऊ नका. आणि टूमपेआवरच्या पिक हेर्मान बुरुजावर निळा-काळा-पांढरा झेंडा दिसला की लक्षात ठेवा, तो २४ फेब्रुवारी १९८९ ला परत चढला, स्वातंत्र्य १९९१ मध्ये मिळायच्याही आधी. इथल्या वयस्कर लोकांना तो दिवस काल घडल्यासारखा आठवतो.

शाकाहारी आहोत, उपाशी राहू का?

नाही, पण विचारून खा. जुन्या गावात इंडियन रेस्टॉरंटही आहेत, तरी थोडं इथलं चाखा. काळी राईची ब्रेड, नाव लाइब, आंबटसर, भरपूर लोणी लावून. आणि कामा! भाजलेल्या बार्ली, राई, ओट आणि वाटाण्याचं पीठ, ताकात किंवा केफिरमध्ये कालवून खातात. माझ्या आजीने पहिला चमचा खाल्ला आणि म्हणाली, "अरे हे तर आपलं सातूचं पीठ." अगदी तसंच. कोणत्याही सुपरमार्केटमध्ये पाकीट मिळतं. कोहुके नावाचा चॉकलेटात बुडवलेला गोड चक्क्याचा बार मिळतो, श्रीखंड आवडणाऱ्याला तो आवडणारच. रस्त्यावर गाड्यांवर मसाला-साखरेत घोळलेले गरम बदाम मिळतात, ते घ्याच.

काळजी सूपची. एका ठिकाणी "मशरूम सूप, मांस नाही" असं सांगितलं आणि अर्धा बाऊल संपल्यावर कळलं की पाणी मटणाच्या हाडांचं होतं, आई फार नाराज झाली. तेव्हापासून मी "मांस आहे का" असं न विचारता "रस्सा कशाचा आहे" असं विचारतो. बार्ली-बटाट्याच्या मुल्गीपुदेरवरही बहुतेक वेळा डुकराचं मांस घालतात, वेगळं सांगा.

चौकातली हॉटेलं महाग. दोन गल्ल्या आत गेलात की दुपारी फळ्यावर "पॅएवापाक्कुमिने" लिहिलेलं दिसेल, म्हणजे आजचं जेवण, स्वस्त आणि ताजं.

कोणत्या महिन्यात यावं?

जून-जुलैमध्ये १७-१८ तास उजेड, तापमान वीसच्या आसपास, गर्दी सगळ्यात जास्त. मला स्वतःला मेचा शेवट आणि सप्टेंबर आवडतो. डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम सहा तासांचा पण चौकात नाताळचा बाजार आणि मोठं झाड असतं, १४४१ मध्ये याच चौकात झाड उभारलं होतं असं इथले लोक अभिमानाने सांगतात, रिगावाले ते मान्य करत नाहीत. नोव्हेंबर टाळा, ओला आणि काळोखा.

अंधारात फिरताना कोटाला रिफ्लेक्टर लावायचा असतो, इथे तसा कायदाच आहे. सुपरमार्केटमध्ये मिळतो.

व्हिसा, पैसे, पोचायचं कसं?

शेंगेन व्हिसा लागतो. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा, नुसता एक दिवस टालिनला येत असाल तर एस्टोनियाकडे अर्ज करू नका. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, उशीर करू नका. भारतातून थेट विमान नाही, हेल्सिंकी, फ्रँकफर्ट, इस्तंबूल असं बदलून यावं लागतं. विमानतळ शहराला अगदी चिकटून, साधारण ४ किमी, ट्राम येते. रिगाहून बस साडेचार तास. चलन युरो, आणि कार्ड सगळीकडे चालतं, अगदी बदामाच्या गाडीवरही बहुतेक वेळा.

आई-बाबांचे गुडघे दुखतात, जमेल का?

जमेल, पण बूट नीट हवेत. रस्ते गोट्यांचे, पावसात घसरतात. टेकडीवर जायला टॅक्सी थेट किल्ल्यासमोरच्या चौकापर्यंत जाते, तिथून कोहतुओत्सा आणि पाटकुली ही दोन्ही बघायची ठिकाणं जवळजवळ सपाट चालून आहेत, मग उतरताना पिक याल्गचा उतार हळूहळू. चाकांची मोठी बॅग आत ओढत आणू नका, माझ्या बॅगेचं चाक पहिल्याच दिवशी निखळलं होतं. हॉटेल जुन्या गावात घेणार असाल तर रस्त्याकडची खोली नको, शुक्रवार-शनिवार रात्री बारचा आवाज असतो, मागच्या बाजूची मागा.

कुठे ना कुठे परांची बांधलेली, काम चालूच असतं, कधी संपणार?

याची इथे एक गोष्ट आहे. गावाबाहेर युलेमिस्ते तलाव आहे, त्यात एक म्हातारा राहतो. दर वर्षी शरदात एका अंधाऱ्या रात्री तो बाहेर येऊन वेशीवर विचारतो, "शहर बांधून पूर्ण झालं का?" पहारेकऱ्याने "नाही, अजून पुष्कळ बाकी आहे" असंच म्हणायचं. चुकून "झालं" म्हणालात तर तो तलावाचं पाणी सोडून गाव बुडवेल. त्यामुळे परांची दिसली की इथले लोक कुरकुरत नाहीत.

परत जाताना काय घेऊन जाऊ?

अंबरचे दागिने बरीच दुकानं विकतात पण अंबर एस्टोनियात सापडत नाही, इथली वस्तू म्हणून घेऊ नका. मार्झिपान घ्या, बदामाचं, साधारण आपल्या बदाम बर्फीच्या जवळचं. नक्षीचे लोकरी हातमोजे तटाजवळच्या विणकामाच्या स्टॉलवर मिळतात, हाताने विणलेले आहेत का ते उलटी बाजू बघून ओळखा. आणि ज्युनिपरच्या लाकडाचे चमचे किंवा गरम भांड्याखाली ठेवायची चकती. तिच्यावर गरम पातेलं ठेवलं की लाकडाचा गोडसर वास सुटतो. चार वर्षांपूर्वी आईला दिलेली चकती पुण्यात अजून रोज ओट्यावर असते आणि आमटीचं पातेलं तिच्यावर ठेवलं की वास अजून येतो म्हणते.